दहा हजार पावलं नंतर, आधी खुर्चीतून उठू द्या

तुमच्या लेखात म्हटलंय, पन्नाशीनंतर रोज दहा हजार पावलं चालाच. भाऊ, हा आकडा 1965 च्या एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि सोबत निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. हे दुसरं तुमच्या लेखात कुठंच नाही.

मी 52 ची. पहिल्याच दिवशी हुरूपानं अंबाझरी तलावावर गेले, दमेपर्यंत चालले आणि मग आठवडाभर गुडघा धरून बसले. आता कुकर लावला की तिसऱ्या शिट्टीपर्यंत डायनिंगच्या खुर्चीतून हात न टेकता ऊठ-बस करते. सुरुवातीला पाचव्यालाच मांड्या थरथरायच्या, आता पंधरा होतात. चालणं वीस मिनिटं, तेही उन्हाळ्यात साडेपाचलाच, कारण आपल्या नागपुरात मे महिन्यात सात वाजताच चटके बसतात.

रविवारी परतताना तर्रीपोहे होतातच. ते मात्र सोडायला सांगू नका बाप्पा!