पॉड परत येतो, पट्टी येत नाही

शनिवारी रात्री अकराला मामेभावाचा फोन. "दादा, आपलं सॉफ्टवेअर कुबरनेटिसवर टाकायचं का? वेंडर म्हणतो, सीझनच्या आत करून देतो." कुबरनेटिस म्हणजे अनेक मशीनांवर सॉफ्टवेअर चालतं ठेवणारी व्यवस्था.

वाशीच्या फळबाजारात त्याचा गाळा आहे. हापूसच्या पेट्या, हमाली, तोलाई, शेतकऱ्याने घेतलेली उचल आणि शेवटी त्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हा सगळा हिशोब भाड्याच्या एका व्हर्च्युअल मशीनवर चालतो. वापरणारे नऊ जण. मामा अजून वहीच उघडतो, म्हणजे आठच धरा.

मागोमाग त्याने कुबरनेटिसचं गुणगान करणारं फॉरवर्ड पाठवलं. सोसायटीच्या ग्रुपवर आणि कॉलेजच्या ग्रुपवर मी ते आधीच सोसलं होतं. सहा हिरव्या टिका: सर्व्हर स्वतःच बरा होतो, बॅकअपची कटकट संपली, खर्च निम्म्यावर, डॉकर 2022 मध्ये बंद झालं, त्यामुळे आता हाच पर्याय, गुगल हेच वापरतं, आणि एकदा बसवलं की बघायला माणूस नको.

पहिल्या टिकेने माझं डोकं फिरलं, म्हणून तिथेच जास्त थांबतो. कुबरनेटिस सांभाळतं ते कंटेनर, म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या पेट्या. पेट्यांचा छोट्यात छोटा गठ्ठा म्हणजे पॉड. पॉड पडला की नवा उभा करायचा, हे त्याचं 'बरं करणं'. आत काय लिहिलं होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डेटा टिकवायचा तर वेगळा व्हॉल्यूम, म्हणजे पॉडबाहेरची साठवणीची जागा, जोडून द्यावा लागतो, आणि तो जोडायचा की नाही हे माणूस ठरवतो.

ऐरोलीतल्या माझ्या जुन्या नोकरीत कोणीतरी तो जोडायला विसरलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पॅचिंगसाठी, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट टाकायला, मी एक मशीन रिकामं केलं. डेटाबेसचा पॉड शहाण्यासारखा शेजारच्या मशीनवर गेला, मिनिटभरात यादीत '1/1 रनिंग' दिसायला लागलं, मी बॅग उचलली. लिफ्टमध्ये टेस्टिंगच्या मुलीचा फोन: "लॉगिन होतंय, पण आत काहीच नाहीये." खरंच काही नव्हतं. सगळी टेबलं कोरी. कुठे एरर नाही, अलार्म नाही. कुबरनेटिसच्या दृष्टीने सगळं उत्तम होतं. वाचवलं कोणी? आमच्या एका सिनियर बाईंनी दुपारी एक वाजता दुसऱ्या मशीनवर डंप, म्हणजे डेटाबेसची नक्कल, निघेल असा साधा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड, लावून ठेवला होता, त्याने. तरी अर्ध्या दिवसाचं काम गेलंच.

बरं, व्हॉल्यूम जोडला तरी बॅकअप झाला असं नाही. कोणी चुकून शेतकऱ्यांची यादी पुसली, तर पॉड कितीही वेळा उठवा, तो इमानेइतबारे पुसलेली यादीच दाखवणार. आणि 'लगेच बरा होतो' यातलं 'लगेच' पण बघा. मशीनच गेलं, तर त्यावरचे पॉड हलवायच्या आधी कुबरनेटिस मुळात 300 सेकंद वाट बघतं. पहाटे ट्रक खाली होत असताना पाच मिनिटं गाळ्यावर शांतपणे उभं राहून दाखवावं एकदा फॉरवर्डवाल्याने.

माझ्यावर विश्वास नसेल तर खुद्द कुबरनेटिसचं अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडा. ओळख करून देणाऱ्या पानावरच 'कुबरनेटिस काय नाही' असा भाग आहे. सगळं आयतं देणारी ही व्यवस्था नाही, सोर्स कोड बिल्ड करून देत नाही, डेटाबेससारख्या सेवा अंगभूत देत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. बनवणारेच नाही म्हणतात आणि हे टिका मारत सुटलेत.

खर्च निम्मा? ॲमेझॉनच्या क्लाउडवर नुसत्या कंट्रोल प्लेनचे, म्हणजे बाकी मशीनांना हुकूम देणाऱ्या भागाचे, तासाला 0.10 डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण 73. यात तुमचा एकही कंटेनर चाललेला नाही. व्हर्जन जुनं होऊन साध्या सपोर्टबाहेर गेलं की तोच दर 0.60. स्वतः बसवलंत तर भरवशासाठी कंट्रोल प्लेनची तीन मशीनं लागतात. कुबरनेटिस म्हणजे ग्रीकमध्ये सुकाणू धरणारा, आपल्या दिवाळे गावच्या कोळ्यांचा तांडेल. आठ माणसांच्या एका होडीवर तीन तांडेल!

डॉकरचं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. डॉकर म्हणजे कंटेनर बांधायचं आणि चालवायचं साधन. मे 2022 मध्ये 1.24 व्हर्जनमधून डॉकरशिम काढलं, म्हणजे कुबरनेटिस आणि डॉकरमधला सांधा. डॉकर बंद झालं नाही. डॉकरने बांधलेल्या इमेजेस, म्हणजे कंटेनरचे साचे, कंटेनरडी या कंटेनर चालवणाऱ्या दुसऱ्या साधनावर तशाच चालतात.

गुगलचं काय सांगायचं. त्यांच्या बोर्ग नावाच्या घरच्या व्यवस्थेच्या अनुभवातून 2014 मध्ये हे बाहेर आलं. त्यांच्याकडे मशीनं किती, तुझ्याकडे किती?

आणि 'माणूस नको'. वर्षाला साधारण तीन नवी व्हर्जनं येतात, एकेकाला सपोर्ट सुमारे 14 महिने. म्हणजे अपग्रेड टाळता येत नाही. कुबएडीएम या कुबरनेटिस बसवायच्या साधनाने उभ्या केलेल्या क्लस्टरची, म्हणजे मशीनांच्या गटाची, ओळख पटवणारी सर्टिफिकेटं मुळात एका वर्षाची. अपग्रेड करताना ती नवी होतात, आणि अपग्रेड टाळत बसलात तर क्लस्टरच्या वाढदिवसाच्या रात्री कळतं.

आता कबूल करायचं ते करतो, नाहीतर भाऊ विचारेल, मग तू का वापरतोस? सध्या आमच्याकडे चाळीसेक सर्व्हिसेस आहेत. नवं व्हर्जन एकेक पॉड बदलत चढतं, बिघडलं तर एका कमांडने मागे येता येतं, रात्री एखादं मशीन मेलं तर सकाळी चहा पिताना कळतं. हे सोडून मी जुन्या पद्धतीकडे जाणार नाही. पण आम्ही चौघं दिवसभर तेच बघतो. त्या टिकांमध्ये आमचे पगार कुठे आहेत?

भावाला एवढंच विचारलं, "कालचा बॅकअप कुठाय?" तो म्हणाला, "आहे ना, त्याच मशीनवर." रविवारी गाळ्यावर जातोय. बॅकअप माझ्या लॅपटॉपवर चढवून त्यातून मागच्या सीझनची एक पट्टी छापून बघायची, आणि ती मामाच्या वहीशी ताडायची. वेंडरला तोवर थांबायला सांगितलंय.