फी तर भरली होती, मग परत पैसे कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली आणि दोन दिवस थांबून मग लिहायला बसलोय, कारण खाली दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नव्हतीच. बाकीच्यांसाठी सांगतो, मागच्या पोस्टमध्ये मी आमच्या छोट्या खाजगी विद्यापीठातनं पास झालेल्यांना म्हटलं होतं की दर महिन्याला थोडे थोडे पैसे काढूया, आत्ता शिकणाऱ्या पोरांसाठी. त्यावर दादांचं म्हणणं असं की चार वर्षं पूर्ण फी घेतली, एक रुपया सोडला नाही, डिपॉझिट परत घ्यायला चपला झिजल्या, मग त्याच संस्थेला देणगी कशाला, एवढाच कळवळा असेल तर गावच्या झेडपीच्या शाळेला द्या, आणि हे माजी विद्यार्थ्यांनी देणग्या द्यायचं सगळं अमेरिकेचं फॅड आहे.

आधी जे बरोबर आहे ते. डिपॉझिटचं शंभर टक्के बरोबर, माझंही मिळायला अकरा महिने लागले. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे नुसते दिखाव्याचे असतात हे तुम्ही लिहिलंय तेही पटलं. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग किती यालाही मार्क असतात, त्यामुळं टीम यायच्या आधी आम्हाला फोन येतात, फेटे बांधतात, ग्रुप फोटो होतो आणि नंतर तीन वर्षं कोण विचारत नाही. आणि मी पोस्टमध्ये ‘ऋण फेडूया’ असा शब्द वापरला होता तो चुकलाच, मागे घेतो. फी मोजून घेतलेल्या संस्थेचं ऋण कसलं. इन्फोसिसवाल्या नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आपल्या जुन्या आयआयटी बॉम्बेला ३१५ कोटी दिले ती गोष्ट वेगळी, ती सरकारच्या पैशातनं उभी राहिलेली संस्था, तिथं शिकलेल्याला आपल्यावर लोकांचा पैसा खर्च झालाय असं वाटणं साहजिक आहे. आपल्यावर आपल्या बापाचा पैसा खर्च झालाय.

पण म्हणूनच मला हे करायचंय.

पाचव्या सेमिस्टरची गोष्ट. माझा रूम पार्टनर राधानगरीकडचा, घरची दोन एकर ऊसशेती, गरीब म्हणावा असाही नाही. त्या वर्षी दराच्या आंदोलनात तोडी थांबल्या, पुढं ऊस गेला तो उशिरा, आणि इकडं परीक्षा चार दिवसांवर आलेली. फीचा दुसरा हप्ता भरल्याशिवाय हॉल तिकीट नाही. त्याचे वडील सकाळच्या एसटीनं आले, हातात वायरची पिशवी, त्यात साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या घडी घालून ठेवलेल्या. खिडकीवर त्यांनी त्या एकेक उलगडून दाखवल्या, एवढे टन गेलेत साहेब, बिल आलं की आणून देतो. कायद्यानं ऊस गेल्यापासनं १४ दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, पण ते किती वेळा होतं हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. खिडकीतला क्लार्क वाईट माणूस नव्हता, तो पण हळूच म्हणाला, काका, सिस्टीमच घेत नाही ओ. त्यांनी पावत्या परत तशाच घडी घातल्या आणि बाहेर पायरीवर बसले. तेव्हा आमच्या मजल्यावरच्या पोरांनी आणि पास होऊन एमआयडीसीत लागलेल्या दोन सीनियरांनी मिळून संध्याकाळपर्यंत रक्कम जमवली. जानेवारीत काका परत आले ते प्रत्येकाचे पैसे वेगळ्या कागदात गुंडाळून, वर पेनानं नाव लिहून. माझ्या पुडीत आठशे होते, तो कागद अजून माझ्याकडं आहे.

दादा, तुम्ही ज्याला संस्थेला देणगी म्हणताय ते मला हे दिसतं. त्या सीनियरांनी मालकाला काही दिलं नव्हतं, त्यांनी एका पोराचे सहा महिने वाचवले होते. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरची पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ च्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा आम्ही हॉस्टेलची पोरं पाण्याच्या अलीकडंच अडकलेलो. मेसचा गॅस संपत आलेला, मेसच्या मावशी म्हणाल्या उद्यापास्नं फक्त भात होईल. हातकणंगल्याच्या बाजूचे पासआऊट सीनियर ट्रॅक्टरमधनं सिलिंडर आणि पिठाची पोती घेऊन आले, कुणी त्यांना फोन केला नव्हता, कॉलेजनं तर नाहीच.

आता पोरगा अडला तर सरकार आहे की, स्कॉलरशिप आहे की, असंही तुम्ही लिहिलंय. इथं मात्र माहिती अर्धी आहे. मुलींच्या १०० टक्के फीमाफीचा जीआर (सरकारी आदेश) जुलै २०२४ ला निघाला, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी, खूप चांगला निर्णय. पण त्यातच लिहिलंय, खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. म्हणजे तोच कोर्स, तेच उत्पन्न, एक पोरगी संलग्न कॉलेजात गेली तर फी माफ आणि दुसरी आमच्यासारख्या ठिकाणी आली तर पूर्ण. मग आलीच कशाला असं विचारणं सोपं आहे हो, पण कॅप राऊंडला, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीत, नंबर लागला नाही, घरचे लांब पाठवत नाहीत, बसनं जाऊन येऊन करता येईल असं हेच एक, असं असतं. सतरा-अठरा वर्षांची पोरगी जीआर वाचून ॲडमिशन घेत नाही.

अमेरिकेचं फॅड म्हणालात ते मात्र मनाला लागलं, आणि ते सुद्धा कोल्हापूरच्या माणसानं म्हणावं! दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याजवळ उभं राहून चारी बाजूला बघा. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत समाजाचं, सारस्वत समाजाचं. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातनं आलेल्या पोराला राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण मिळालं तर तो शिकतो, एवढा साधा विचार, महाराजांनी सुरुवात करून दिली आणि समाजातल्या लोकांनी पैसे घातले. इथल्या जैन बोर्डिंगात राहिलेला एक विद्यार्थी पुढं कर्मवीर भाऊराव पाटील झाला, १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आपण महिन्याला पाचशे म्हणतोय.

आता पैसे कुठं जातात ते, कारण तुमचा खरा संशय तिथं आहे आणि तो असायलाच पाहिजे. आम्ही विद्यापीठाला देणगी देतच नाही. कमान, गार्डन, ऑडिटोरियमला नाव, असलं काही नाही. आम्ही तेवीस जण आहोत, महिन्याला पाचशे, दोघं दुबईत आहेत ते जास्त देतात. पोराचा किंवा पोरीचा पीआरएन, म्हणजे विद्यापीठातला नोंदणी नंबर घ्यायचा, त्या नंबरावर थेट फी किंवा परीक्षा फॉर्मचे पैसे भरायचे, पावती त्यांच्याच नावानं निघते, आम्हाला फक्त फोटो पाठवतात. त्यामुळं देणगीवर इन्कम टॅक्समध्ये मिळणारी ८०जी ची सूट आम्हाला मिळत नाही, टॅक्स वाचवायला हे करतात असं जे लिहिलंय त्याचं उत्तर एवढंच. (आणि नवीन टॅक्स रिजीममध्ये तर ८०जी ची सूट मुळातच नाही.) ऊसबिल, दूधबिल, पगार, जे काय अडलंय ते आलं की जमेल तसं परत करायचं, व्याज नाही, तारीख नाही. परत आलेले पैसे पुढच्याला.

झेडपीच्या शाळेचं म्हणाल तर तिथंही देतो, दोन्हीकडं द्यायला कुणी अडवलेलं नाही. पण झेडपीच्या शाळेत हॉल तिकीट अडत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, किती जणांनी परत केले. आत्तापर्यंत चौदा जणांना दिले, नऊ जणांचे पूर्ण परत आले, तिघांचे थोडे थोडे येतायत, दोघांचे नाही आले. त्या दोघांना आम्ही फोन करत नाही, ते ठरवूनच घेतलंय. वही माझ्याकडं आहे, नावं झाकून आकडे दाखवतो. रविवारी सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर मी असतोच, या. वही बघून अजून काही चुकतंय असं वाटलं तर तिथंच सांगा. या महिन्यात एका पोरीचा परीक्षा फॉर्म अडलाय, शेवटची तारीख शुक्रवार आहे, तो आधी भरून येतो.