वारीचा सराव

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. परंतु यंदा ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर आपण पायी जाणार, असे मी जाहीर करताच ते आमच्या सोसायटीतील प्रत्येकाला ठाऊक असल्याचे उघड झाले आणि प्रत्येकाने ते मला, माझ्या गुडघ्यांकडे पाहत, नव्याने सांगितले. त्यापाठोपाठ सल्ले आले. नवे बूट घालून वारीला जाऊ नये यावर सर्वांचे एकमत होते. मात्र ते किती जुने असावेत यावरून तळमजला आणि तिसरा मजला यांच्यात जे मतभेद झाले, ते अद्याप मिटलेले नाहीत.

सराव पर्वतीपासून सुरू झाला. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत आणि त्यांवर माझ्याहून वडीलधारी माणसे मला मागे टाकून, वर देवदेवेश्वराचे दर्शन घेऊन, उतरताना पुन्हा भेटत असत. "सावकाश या, घाई नाही," असे ती प्रेमाने म्हणत. पर्वती अंगवळणी पडल्यावर मी स्वतःला वेताळ टेकडीवर बढती दिली. मुलीने मनगटावर बांधलेले घड्याळ आता पावलांचा हिशेब ठेवू लागले होते आणि ठरलेला आकडा गाठल्याशिवाय ते मला झोपू देईना. त्यामुळे रात्री जेवणानंतर मी दिवाणखान्यात येरझारा घालत असे, आणि बुटांबद्दलचा ज्यांचा सल्ला मी मानला नव्हता, ते खालच्या मजल्यावरील गृहस्थ आपल्या छताकडे पाहत बसत.

खरी धास्ती सासवडची होती. पुण्यातील मुक्काम हलला की हडपसरमार्गे दिवे घाट चढून सासवड गाठायचे, ही ३० किलोमीटरच्या आसपासची मजल वारीतील सर्वांत मोठ्या मजलांपैकी एक. आणि पंचांगाची योजना अशी, की ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेली पालखी घाटात येते ती बहुधा नेमकी एकादशीला. सराव करायचा तर यथासांग करावा, म्हणून मीही एका एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन टेकडी चढायला घेतली. साबुदाणा उपवासाचा असला तरी चढाचा नाही, असे माझे मत झाले आहे. तो आधी पोटात बसतो आणि मग आपल्यालाही बसवतो.

आमच्या शेजारच्या काकू कित्येक वर्षे दिंडीत चालतात, आणि सरावासाठी त्या घराबाहेर पडल्याचे कोणी पाहिलेले नाही. माझी सगळी तयारी ऐकून घेऊन त्यांनी विचारले, "उभं राहायचा सराव केलात का?" वारीत माणूस चालून दमत नाही, थांबून दमतो, असे त्यांचे म्हणणे. दिंडी विणेकऱ्याच्या चालीने चालते. पुढची दिंडी थबकली की मागच्या सगळ्या थबकतात. मुक्कामी पोहोचल्यावर पाय सुजलेले असले तरी समाजआरती होईपर्यंत उभे राहावे लागते. आणि पहाटे उजाडण्याच्या कितीतरी आधी आंघोळीसाठी टँकरच्या नळापुढे पुन्हा रांग असतेच. टेकडीवर कमावलेला माझा वेग दिंडीत उपयोगाचा तर नाहीच, उलट पुढे चालणाऱ्या माउलींच्या टाचांना तो घातक आहे, हेही त्यांनी शांतपणे सांगितले.

तेव्हापासून माझा सराव काकूंच्या ताब्यात गेला. जमिनीवर सतरंजी टाकून झोपणे आणि मध्यरात्र उलटल्यावर एका बादलीत गार पाण्याने आंघोळ उरकणे, हे त्यातील सोपे विषय; अर्थात बादलीचा आवाज ऐकून जागी झालेल्या माझ्या पत्नीचे याविषयीचे मत वेगळे आहे. मुख्य विषय मंडईचा. हातात पिशव्या घेऊन, काकूंच्या मागे, त्यांना चुकूनही न ओलांडता तेथवर जायचे. काकू प्रत्येक गाळ्यापाशी विसावा घेतात, मेथीचा भाव विचारतात, तो ऐकून दुखावल्यासारख्या पुढे सरकतात आणि शेवटी पहिल्याच गाळ्याकडे परततात. एवढ्या वेळात घड्याळाला माझ्या हेतूंविषयी शंका येते आणि व्यायाम संपला का, असे ते विचारते. परवा तो प्रश्न काकूंनीच वाचला. "नाही म्हणावं त्याला, अजून कांदे-बटाटे घ्यायचेत," असे म्हणून त्यांनी भोपळा माझ्या पिशवीत टाकला.