आईची पिशवी आणि हॉर्नबी रोडवरचं दुकान

आज मॉलच्या दारात गार्डने आईच्या कापडी पिशवीचं तोंड प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून टाकलं. आत होतं काय? छत्री, पाण्याची बाटली, गोळ्यांची डबी. आमच्या पुढच्या बाईंच्या खांद्याला ही एवढी मोठी चामड्याची पर्स होती, तिला कुणी हातही लावला नाही. आई गप्प राहिली. मी भांडले. मॅनेजर आला, म्हणाला, 'मॅडम, पॉलिसी आहे.' घरी आल्यापासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहायला बसलेय.

मी आठ वर्षांची होते. बाबा फोर्टात एका कचेरीत शिपाई. बोनस झाला त्या संध्याकाळी मला फ्रॉक घ्यायला म्हणून एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. अंगावर खाकी ड्रेस तसाच. दरवान म्हणाला, 'ए, पीछे से जाओ, डिलिव्हरी उधर.' बाबांनी माझा हात घट्ट धरला आणि मागे वळले. माझी बोटं दुखली, पण मी काही बोलले नाही.

तिथून आम्ही गेलो डी. एन. रोडवरच्या खादी भांडारात.

त्या इमारतीचे फोटो टाकून 'काय ती ब्रिटिशांची शान' म्हणणारे माझ्याही यादीत आहेत. शान होतीच. व्हाइटवे लेडलॉ कंपनीचं दुकान होतं ते, तेव्हा रस्त्याचं नाव हॉर्नबी रोड. लेडलॉ स्कॉटलंडचा, १८८२ साली कलकत्त्यात सुरुवात केली आणि मद्रास, कोलंबो, रंगून, सिंगापूर, पार शांघायपर्यंत दुकानं थाटली. बूट, हॅट, कापड, घरचं सामान, सगळं एका छपराखाली. उधारी बंद, रोख मोजा आणि न्या. म्हणून लोकांनी नावच पाडलं होतं, 'राइट-अवे अँड पेड-फॉर'.

पण इतिहास तेवढाच का सांगता? १९०५ ला वंगभंग झाला, इंग्रजांनी बंगाल तोडला, पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. लगेच १९०६ मध्ये मुंबईत बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स उभं राहिलं, त्यात टिळक होते, जमशेदजींचे चिरंजीव रतन टाटा यांचा पैसा होता. नुसतं जाळून भागत नाही, आपलं दुकानही लागतं, हे त्यांना कळलं होतं. १९२१ मध्ये गांधीजींनी परळला विलायती कापडाचा ढीग पेटवला. आणि पुढे त्याच व्हाइटवे लेडलॉच्या इमारतीत, साहेबांचं सामान विकलं जायचं तिथे, खादीचे तागे लागले! मला याच्याइतकी मोठी गोष्ट त्या रस्त्यावर दुसरी दिसत नाही. कमानी आणि खांब बघायचे तर बघा, पण हेही सांगा ना.

तर त्या संध्याकाळी. उंच छत, लाकडी कपाटं, नव्या खादीचा तो खळीचा वास. टोपी घातलेले एक काका काउंटरमागून म्हणाले, 'या, बसा.' माझ्या बाबांना. खाकी ड्रेसमधल्या. दोन ऑक्टोबरची सूट अजून चालू होती. काकांनी ताग्यामागून तागे उलगडले, एकदाही कपाळाला आठी नाही. लोखंडी गजाने कापड मोजलं, वर चार बोटं सोडून कात्रीची चीर दिली आणि चर्रकन फाडलं. 'पोरगी वाढती आहे,' म्हणाले.

हो, मान्य आहे, तिथे पावती एका टेबलावर, पैसे दुसऱ्या खिडकीत आणि माल तिसरीकडे, अर्धा तास जायचा. मॉलमध्ये बाईमाणसाला स्वच्छ बाथरूम मिळतं, तेही कमी नाही. २६/११ नंतर तपासणी हवी, कोण नाही म्हणतंय? पण मग सगळ्यांची करा! चामडं सोडायचं आणि कापड बांधायचं, ही कसली सुरक्षा? दार तेच, दरवानही तोच, नुसता गणवेश बदललाय.

त्या गार्डचाही आता राग येत नाही खरं तर. बारा तास उभा असेल बिचारा. माझ्या बाबांसारखाच कुणाचा तरी बाप.

फ्रॉक माझ्यानंतर धाकटीने घातला. बाबांनी पुढच्या वर्षी तिथूनच स्वतःला सदऱ्याचं कापड आणलं. पुढे वर्षानुवर्षं तिथूनच. ते गेल्यावर शेवटच्या सदऱ्याची आईने पिशवी शिवली. खिसा तसाच ठेवलाय, त्यात ती बसचे सुट्टे पैसे ठेवते. आज पट्टी बांधली ती याच पिशवीला.

मगाशी पट्टी कापायला कात्री घेतली तर आईने माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, 'थांब, मी कापते. तू रागात आहेस, कापडाला लागेल.'