अपंगत्वाचं भांडवल? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखात मी अपघातानंतर आमच्या चर्चच्या मंडळीनं मला कसं सांभाळलं ते लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया : "अपंगत्वाचं भांडवल करून धर्म विकू नका. माणुसकीला येशूचं लेबल कशाला? तालमीच्या पोरांनीही हेच केलं असतं. प्रार्थनेनं मणका जुळत नाही. नसीमादीदींनी कुठल्या चर्चच्या जोरावर काम उभं केलं? आणि तुमच्या चर्चला रॅम्प आहे का?" खाली नाव नाही.

एक चूक कबूल. नसीमादीदींनी कोल्हापुरात अपंगांसाठी उभ्या केलेल्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेचं स्थापनावर्ष मी १९८६ लिहिलं होतं, ते १९८४ आहे. दुरुस्त केलंय. नसीमा हुरजूक यांच्याबद्दल मला आदरच आहे, मी तो नाकारला कुठे?

पण 'भांडवल'? अहो, कशाचं भांडवल? कमरेखाली चिमटा काढला तरी कळत नाही, त्याचं? मतभेद समजू शकतो. ही भाषा नाही समजत.

तालमीची पोरं आली होती. रक्त त्यांनीच दिलं, ते उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण रात्रीच्या अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळून मणका गेला, की प्रश्न पहिल्या आठवड्याचा नसतो. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचांना जखमा होतात. रात्री दहा, बारा, दोन, चार. आईच्यानं मी हलत नव्हतो. मंडळीतल्या चौघांनी पाळ्या लावून घेतल्या, चौदा महिने.

त्यातला एक मार्केट यार्डात हमाल. दिवसभर गुळाचे रवे उचलून यायचा, हातांना गुळाचा वास असायचा. चादरीच्या कडा मुठीत धरून "भावा, एक, दोन" म्हणत मला कुशीवर करायचा, गुडघ्यांमध्ये उशी सरकवायचा आणि मोबाइलच्या उजेडात टाचा बघायचा, कुठं लाल झालंय का. एकदा विचारलं, का करतोस रे हे? त्यानं उशाशी पडलेल्या बायबलच्या नव्या कराराकडे बोट दाखवलं. "त्यात सांगितलंय." आता हे लेबल मी चिकटवलं की त्याचं कारण त्यानं सांगितलं? तुम्हाला पटत नाही म्हणून मी ते खोडून 'माणुसकी' लिहू?

आणि विकलं कुणाला? मी तर तेव्हा प्रार्थनाच करत नव्हतो. चर्चचे पाळकसाहेब आले की डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचो. नव्या करारात, मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघं छप्पर उघडून खाली सोडतात. तिथं येशू 'त्यांचा विश्वास पाहून' बोलतो, एकट्या त्याचा नव्हे. त्या शब्दावर मी तगलो. माझ्याकडं नव्हता, तेव्हा त्यांचा चालला.

मणका जुळत नाही हे मला तुम्ही सांगताय? वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ च्या अपघातात कमरेखाली अधू झाल्या. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, १९६६ मध्ये तिथं पुनर्वसन केंद्र उभं केलं. प्रार्थना करणारीच बाई होती ती.

रॅम्पचा विषय वेगळा, त्यात आत्ता शिरत नाही. मला उचलून आत नेतात, त्याची मला लाज वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी त्या हमालाला वाचून दाखवलेली नाही. दाखवणारही नाही.