'परत करायची गरज नाही' म्हणे

सकाळी पोहे वाफेवर होते आणि माझंच डोकं तापलं. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरत आला. 'महिलांना व्यवसायासाठी 10 लाख सरकारी अनुदान, परत करायची गरज नाही, फक्त फाईलचे 2,500 रुपये.' खाली आपल्याच बायकांची रांग, 'इंटरेस्टेड', 'इंटरेस्टेड'. दर संक्रांतीला ज्यांच्या हातावर तिळगूळ ठेवते त्याच या. चौथं नाव माझ्या भाचीचं. वर्षभर घरून नाचणीची बिस्किटं विकतेय, आता मोठा ओव्हन घ्यायचाय.

असे 10 लाख कुणी हातात ठेवत नाही हो! आधी कर्ज, मग अनुदान. बँक हो म्हणाली तर कर्ज, कर्ज मिळालं तर सबसिडी, आणि तीही तुमच्या हातात नाही, बँकेतच तुमच्या नावानं तीन वर्षं अडकवून. हप्ते नीट गेले, काम चालू राहिलं, तर शेवटी कर्जातून वजा. केंद्र सरकारच्या पीएमईजीपी योजनेचं असंच, खाण्याच्या पदार्थांसाठीच्या पीएमएफएमई योजनेचं असंच. मुद्रा योजना तर सरळ कर्जच आहे, त्यात अनुदान कुठून आलं? आपल्या मध्य प्रदेशची उद्यम क्रांती योजना व्याजात 3 टक्के सूट देते, सात वर्षं, पण तिथे वयाची अट. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, फुकट होते. फुकट! मोबाईलवर, आधार नंबर टाकून. त्याचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

एवढं मला कसं माहीत? धाकट्या जाऊमुळे.

इंदूरच्या सुदामा नगरातल्या घरात ती भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करायची. सियागंज बाजारातून धणे, खोबरं, दगडफूल आणायचं, गच्चीवर वाळवायचं आणि घरच्या मिक्सरमध्ये दळायचं. मिक्सर तीनदा जळला. दिवाळीला लोकमान्य नगरपासून रामबागेपर्यंत डबे जायचे. 2019 मध्ये मीच तिच्या मागे लागले, मसाला दळायचा पल्वरायझर घे, भाजायचं मशीन घे, पीएमईजीपीचा अर्ज करू. प्रोजेक्ट 6 लाखांचा. शहरातल्या बाईला अनुदान 25 टक्के, म्हणजे दीड लाख. स्वतःचे 5 टक्के, 30 हजार. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, मला तो हिशेब फार सुंदर वाटला होता.

एका एजंटानं सांगितलं होतं, 'लिख दो मैडम, काम अभी शुरू कर रहे हैं.' मी त्याला हाकललं. म्हटलं, आमच्या घरात खोटं लिहीत नाहीत. आणि प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये छान अक्षरात लिहिलं, 'गेली सहा वर्षं हा व्यवसाय करीत आहे.' वाटलं, अनुभव बघून खूश होतील.

ती योजना फक्त नव्या उद्योगासाठी असते.

हे आम्हाला कळलं तिसऱ्या की चौथ्या चकरेला. त्याआधी बँकेतल्या साहेबांनी घराची रजिस्ट्री मागून झाली होती, जी सासूबाईंच्या नावावर. 10 लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण मागायचं नाही हा तेव्हाही रिझर्व्ह बँकेचा नियम होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसत्या माना डोलावून आलो. मग मशीनच्या कोटेशनवर जीएसटी नंबर नाही. मग साहेब सुट्टीवर. मग दुसरे साहेब. त्यांनी फाईल उघडली, उद्योग आधारच्या (उद्यमच्या आधीची नोंदणी) कागदावर काम सुरू केल्याची तारीख बघितली, माझं ते सुंदर वाक्य वाचलं आणि म्हणाले, 'मैडम, ये तो नए काम के लिए है.' पाच मिनिटांत फाईल परत.

जाऊ काही बोलली नाही. रिक्षात एवढंच म्हणाली, 'वहिनी, सहा वर्षं केलं हेच चुकलं का?'

हे आत्ता टाइप करतानाही माझा हात थांबतो. कारण चूक तिची नव्हतीच, माझी होती. मी नियम वाचले नव्हते. खरेपणाचा तोरा मिरवायच्या आधी योजनेची दोन पानं वाचायला हवी होती.

तिनं मशीन घेतलंच, पण भिशीच्या पैशातून. तिचा नंबर पाचवा होता, दोघींनी आपले नंबर तिला दिले. उरलेल्यासाठी पाटल्या गहाण. सेकंड हँड पल्वरायझर आला तेव्हा गल्लीभर मिरचीचा ठसका. आज दोन बायका तिच्याकडे कामाला आहेत. भिशीवाल्या बायकांनी ना रजिस्ट्री मागितली ना प्रोजेक्ट रिपोर्ट. तिच्या भाजणीचं थालीपीठ खाल्लं होतं, बास.

हो, माहीत आहे, काही लोक सबसिडी मिळाली की शेडला कुलूप लावतात, म्हणून सरकार तीन वर्षं पैसे धरून ठेवतं. बरोबर आहे त्यांचं. आणि बँकेत सगळेच तसे नसतात, त्याच शाखेतल्या एका मुलीनं बाहेर येऊन आम्हाला पाणी दिलं आणि कोणता कागद कमी आहे ते स्वतः लिहून दिलं. पण मग त्या मेसेजवाल्यांना कोण धरणार? नियम जितका किचकट तितका यांचा धंदा जोरात. ज्या बाईकडे पहिले 30 हजार नाहीत तिच्याकडूनच हे 2,500 घेतात! राग येतो तो याचा.

भाचीला दुपारी बोलावलं. रडवेली झाली, कारण पैसे पाठवलेही होते. असो. तिच्यासाठी पीएमएफएमई बघितली. ही 2020 मध्ये आली, आमची फाईल परत आल्याच्या पुढच्याच वर्षी, आणि हिच्यात आधीपासून चालू असलेलं घरगुती कामही चालतं. अनुदान 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. (त्या मेसेजातले 10 लाख बहुतेक इथूनच उचललेले. तेवढे मिळायला प्रोजेक्टच साडेअठ्ठावीस लाखांच्या वरचा लागेल, हे कोण सांगणार?) हिचा प्रोजेक्ट 4 लाखांचा, म्हणजे 1 लाख 40 हजार, आणि स्वतःचे 10 टक्के, 40 हजार. फूड लायसन्सची साधी नोंदणी तिनं वर्षाला 100 रुपयांत आधीच केलीय, शहाणी आहे तशी.

जाऊला मी तेव्हा या योजनेचं सांगितलं होतं. 'आता बँकेची पायरी नको, वहिनी,' म्हणाली. मीही जोर केला नाही.

पण आत्ता ही पोस्ट लिहीत असताना तिचाच फोन आला. भाचीनं सांगितलं असणार. उद्या 11 वाजता बँकेत ती पण येतेय, जुनी फाईल घेऊन, कोणकोणते कागद लागतात ते सगळं त्यात आहे म्हणे. मला वाटलं होतं तिनं ती कधीच रद्दीत घातली असेल. फोन ठेवता ठेवता हसली आणि म्हणाली, 'वहिनी, तारीख खरीच लिहायची ना?'

म्हटलं, खरीच. या वेळी नियम वाचलेत.