बघत काय उभा राहिलास?

शिमग्याच्या पालख्या देवळात परतल्या की दिवाळी अंकांच्या संपादकांना आमची आठवण होते. "तुम्ही काय बुवा, कोकणात राहता. एखाद्या साध्याशा गोष्टीवर लिहा." समुद्रावर लिहायची सोय उरलेली नाही, मुंबईकर चार दिवस येऊन तो लिहून संपवतात. राहिल्या साध्या गोष्टी, आणि पंचाईत तिथेच आहे. आमच्या घरात जो ज्या वस्तूकडे टक लावून बघेल, ते काम त्याच्या गळ्यात.

गडग्याचा एक चिरा ढासळला होता. त्यावरचं सुकलेलं शेवाळ बघता बघता एक ओळ जुळत आली, तोच मागून आई: "बघत काय उभा राहिलास? उचलून ठेव तो." जांभा दिसतो भोकाभोकांचा, पण वजन कमरेला कळतं. ओळ गेली, कंबर धरली.

पडवीत काकू हीर काढत होती. झावळीचं एकेक पातं धरायचं, मधल्या शिरेलगत सुरी ओढायची, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. हिरवं खाली गळतं आणि लवलवता हीर हातात उरतो. मी हरखून तिथेच बसलो. "बसलायस तर ही सुरी घे." संध्याकाळी माझ्या हातचा खराटा बघून काकू म्हणाली, "ह्यापेक्षा तू लिहीत जा."

ओल्या काजूंचं तर बोलूच नये. बिया चिरताना चीक लागून बोटांची सालं निघतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच कोणीतरी प्रेरणा शोधत तिकडे येण्याची सगळे वाट बघत असतात.

सोललेली बोटं घेऊन सड्यावर पळालो. तिथे कातळात चित्रं कोरलेली आहेत, हजारो वर्षांपूर्वीची. पिढ्यानपिढ्या गुरं त्यांच्यावरून चरत गेली. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून पाहुणे वाट विचारत येतात. तिकडे कशेळीला तर अख्खा हत्ती आहे, पोटात आणखी कितीतरी प्राणी घेऊन. एवढा हत्ती ठोकून होईपर्यंत त्या माणसाला घरून एकही हाक आली नसेल? की त्याची आईच म्हणाली असेल, "बघत काय बसलायस, कोर!"

इतक्यात फोन वाजला. "सड्यावर आहेस ना? तांबू तिकडेच असेल, येताना हाकून आण."

तांबू दगडी माशाच्या पोटावर बसून रवंथ करत होती. फार सुरेख दिसत होती, पण मी मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं. धारेची वेळ झाली होती.